फ्लॅट ६०४ची आवड

"आधी मागचा सांग," असं म्हणून चाचा नव्या डीव्हीडीवर तळहात ठेवायचे. उत्तर मिळेपर्यंत हात उचलत नसत. गिऱ्हाईक मागेल ते न देता, त्याला काय हवं ते आपणच ठरवणारे दुकानदार तुम्हीही पाहिले असतील. चाचा त्या सगळ्यांचे मुकादम होते.

शारजात, अल मजाजला आमच्या बिल्डिंगखाली त्यांचं सिनेमे भाड्याने द्यायचं दुकान. मूळ गाव रत्नागिरीकडचं. त्यांच्या वहीत प्रत्येक फ्लॅटचं एक पान होतं. कोणाला काय आवडलं ते त्यावर लिहायचं आणि त्यावरून पुढचा सिनेमा द्यायचा, ही त्यांची पद्धत.

माझे वडील तालुक्याच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये ताटं धुवायचे. आई मुलींच्या होस्टेलवर पोळ्या लाटायची. माझी फी भरायची वेळ आली की घरी दिवसातून एकदाच चूल पेटायची. त्याच कॉलेजातून मी बीकॉम झालो, आमच्या अख्ख्या घराण्यात पहिला. हे मी सगळ्यांना सांगतो, चाचांनाही पहिल्याच दिवशी सांगितलं. तेव्हापासून मी त्यांचा 'ग्रॅज्युएट'.

तिथेच घोळ झाला. ऑफिसातल्या मॅनेजरने नावाजलेला एक परदेशी सिनेमा मी घरी नेला. कोणी बोलेना, काही घडेना. पंधराव्या मिनिटाला मी झोपलो. परत करताना चाचांनी आवडला का विचारलं. ग्रॅज्युएट माणसाने नाही कसं म्हणायचं? म्हटलं, "फार खोल आहे."

चाचांचा चेहरा असा उजळला, जणू त्यांचाच मुलगा पास झाला. वहीत लिहिलं. पुढची तीन वर्षं दर गुरुवारी, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, माझ्या हाती खोल सिनेमे पडत गेले.

बायको विचारायची, त्या चाचांचं आपण काय वाकडं केलंय? मुलगी पाच मिनिटांत उठायची. "पपा, नथिंग इज हॅपनिंग." मी तावातावाने खाली जायचो. पण चाचा तळहात ठेवून "मागचा सांग" म्हणाले की माझ्या तोंडून "छान होता" निघायचं. चीड त्यांची यायची आणि स्वतःची त्याहून जास्त.

मग मंदी आली. आमच्या कंपनीची बांधकामं थांबली, पगार अर्धा झाला आणि एका दुपारी हातात नोटिशीचं पत्र पडलं. बायको-मुलीची परतीची तिकिटं काढली. नवं काम मिळेपर्यंत मी एका खोलीत चौघांबरोबर राहणार होतो. दोघी जाण्याआधीचा शेवटचा गुरुवार होता. घरात कोणी धड बोलत नव्हतं. एक संध्याकाळ तिघांनी हसावं, एवढंच मला हवं होतं.

मी विनोदी सिनेमा मागितला. चाचांनी मान हलवली. "तुला नाय पचायचा. तुझी आवड वेगळी हाय, ग्रॅज्युएट."

माझा तोल गेला. म्हटलं, चाचा, तीन वर्षांत तुमचा एकही सिनेमा मी शेवटपर्यंत पाहिलेला नाही. लाज वाटायची म्हणून खोटं बोललो.

चाचांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मग तुझ्या वडिलांना काय आवडायचं?"

असं मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, कॉलेजच्या गॅदरिंगला पडद्यावर सिनेमा दाखवायचे. वडील ओल्या हातांनी दाराशी उभे राहून बघायचे. पडद्यावर कोणी पाय घसरून पडला की त्यांना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसू यायचं. मी वर्गमित्रांमध्ये बसलेलो असायचो आणि त्यांच्याकडे बघायचं टाळायचो.

चाचांनी वरच्या फळीवरून एक डीव्हीडी काढली. या वेळी तिच्यावर तळहात ठेवला नाही.

त्या संध्याकाळी मुलगी सोफ्यावरून खाली घसरेपर्यंत हसली. बायको डोळे पुसत म्हणाली, अरे, तू अगदी मामंजींसारखा हसतोस.

फ्लॅट सोडताना डीव्हीडी परत द्यायला गेलो, तर चाचा खोकी भरत होते. निम्मी बिल्डिंग रिकामी झाली होती, सिनेमे न्यायचे कोणी? "खलास," एवढंच म्हणाले. वहीतून माझं पान फाडून हातात दिलं. तीन वर्षांतल्या सिनेमांची सगळी नावं खोडलेली. खाली लिहिलं होतं: '६०४. पोरगा बापावर गेलाय.'

दहा महिन्यांनी मला अबू धाबीजवळच्या मुसाफामध्ये नोकरी लागली, बायको-मुलगी परत आल्या. अल मजाजला जाऊन पाहिलं, तर चाचांच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. ते पान आमच्या टीव्हीशेजारी चिकटवलेलं आहे. गुरुवारी आम्ही तिघं विनोदी सिनेमा लावतो आणि मी मोठ्याने हसतो.