आलं ठेचायचा दगड

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर चहा. परदेशात, टॅम्पिनीसला, मुलाच्या फ्लॅटमध्ये. दुपारची ती ओट्याशी दगडानं आलं ठेचत होती, मी दुधाच्या पातेल्यापुढं उभा.

"अहो, उतू घालवाल. बघताय कुठं?"

"तुझ्याकडं."

"आता बघून काय उपयोग!"

चहा पिऊन जरा आडवी झाली ती उठलीच नाही.

संध्याकाळी मुलानं अंत्यविधीचं सामान आणलं. त्यात एक पांढरा गुळगुळीत खडा. मडकं ज्या दगडानं फोडायचं तोच जीवखडा; पुढं दहा दिवस त्यालाच गेलेलं माणूस समजून पाणी द्यायचं.

"हा कुठनं आणलास?"

"खालच्या कुंडीतून. गुरुजी फोनवर म्हणाले, कुठलाही चालेल."

चालेल! असले खडे गोणीत भरून दुकानात विकायला येतात. "तुझी आई काय गोणीतून आली होती?"

"आबा, दगड तो दगड. आपल्या गावात तरी दुसरं काय आहे?"

शिकलेलं पोरगं, चांगीला मोठ्या ऑफिसात बसतं, आणि हे बोलतं. होय बाबा, दगडच आहेत. गावाच्या डोक्यावर गड आहे. त्याचा पहारा आमच्या वाडवडिलांकडं. तोफा नव्हत्या. कड्यावर धोंडे रचून ठेवायचे, कुणी चढायला लागला की लोटायचे. पुढं गोऱ्यांनी सुरुंग लावून गडाच्या पायऱ्या उडवल्या, त्याही गडगडत खाली आल्या. हे सगळं पडलं ओढ्यात. वर कारवीचं दाट रान, खाली हिरड्याची झाडं, मधून तो ओढा. पावसाळ्यात असा फुगतो की दगडांचा आवाज घरात ऐकू येतो. घासून घासून ते गोल झाले. गावात नवी नवरी पहिल्यांदा पाण्याला जाते तेव्हा तिथनं आपल्या मुठीत बसेल असा दगड आणते. जन्मभर त्यानंच मिरची, लसूण, आलं ठेचायचं. ती गेली की तोच जीवखडा, आणि दहाव्याला परत ओढ्यात. माझ्या आईचं असंच झालं.

हिनं आपला दगड इकडं विमानातनं आणला. विमानतळावरच्या बाईनं पिशवी उघडली, तर ही मराठीतच म्हणाली, "दगड आहे बाई, बाँब नाही."

आणि तिला कुंडीतला खडा!

"दहावा गावाला करायचा," मी म्हणालो.

"रजा मिळाली तर बघू, आबा."

"तुझी रजा तू बघ. माझं तिकीट काढ."



सकाळी उठून मी तिचा दगड घासून धुतला. आल्याचा वास जाईना, म्हटलं राहू दे. तो पांढरा खडा खाली नेऊन कुंडीत टाकला. स्मशानात जाताना गाडीत तिचा दगड मुठीत धरून बसलो. माझ्या मुठीत तो पार बुडतो. तिथं मडकं खांद्यावर घेऊन मुलगा उभा राहिला, गुरुजींनी दगडासाठी हात पुढं केला. मी मूठ उघडली.