मुजावर डॉक्टर आणि मांजराचं रक्त

डॉ. यासीन मुजावर यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी संपादक मंडळानं मला त्यांच्या यशाची एखादी आठवण लिहायला सांगितलं. डॉक्टरांनी किती बैल उभे केले, किती म्हशी सोडवल्या, हे इतर मंडळी लिहितीलच. मी मात्र डॉक्टरांना वाचवता न आलेल्या मांजराबद्दल लिहिणार आहे. मंडळाला आवडलं नाही तर त्यांनी छापू नये.

डॉक्टरांची माझी पहिली भेट माझ्याच दारात झाली. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतरचे दिवस होते. मी उस्मानाबादला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि डॉक्टर गुरांच्या दवाखान्यात नुकतेच रुजू झाले होते. मांजरासाठी दवाखान्यात जायचं असतं, हे तेव्हा गावात कुणाच्या गावीही नव्हतं. डॉक्टर दाराबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या मांजरीचं थोडं रक्त पाहिजे."

एका बड्या साहेबांच्या आईची मांजर कुत्र्यानं फाडली होती. रक्त फार गेलं होतं. दुसऱ्या मांजराचं रक्त चढवलं तर ती वाचण्याची आशा होती. डॉक्टरांनी साहेबांच्या घरचा बोका आधीच तपासला होता, पण काचेवर दोन्ही रक्तं एकत्र करताच गुठळ्या झाल्या. मग ते मांजरं असलेली घरं हिंडत होते. जो तो हात जोडून नकार देत होता. रक्त काढताना मांजर मेलं, तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, ही धास्ती.

मला पापाची भीती नव्हती. चिंगी माझी होती, एवढंच. मी विचारलं, "तिला काही होणार नाही ना?"

"भूल द्यावी लागंल. मांजराच्या अंगात सगळं मिळून पेलाभर रक्त. त्यातलं मी घेणार. बहुतेक काही होत न्हाय. पण होणारच न्हाय असं म्हणालो, तर ते खोटं होईल."

मी नाही म्हणाले. कारण सांगायला लागले, तर त्यांनी थांबवलं. "कारण कशाला? न्हाय म्हणालात, पुरे."

मला राहवलं नाही, मी त्यांच्या मागोमाग दवाखान्यात गेले. तिथं साहेब स्वतः आले होते. त्यांचा शिपाई म्हणत होता, "मंडईत लई मांजरं हिंडत्यात, डॉक्टरसाहेब. आणू का एक धरून?"

"त्या भटक्या मांजरीच्या वतीनं न्हाय म्हणायला कोण हाय?" डॉक्टर म्हणाले. "कुणीच न्हाय, म्हणूनच तिला हात लावायचा न्हाय."

साहेब तापले. "मेलीच, तर सोन्याचं मांजर मी देतो. खर्चाची काळजी तुम्ही करू नका."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सोन्याच्या मांजराला रक्त नसतं, साहेब."

ती मांजर सकाळी गेली. डॉक्टर शेवटपर्यंत साहेबांच्या आईजवळ बसून होते. पुढं महिन्याच्या आत त्यांची लोहाऱ्याला बदली झाली. गावातले शहाणे म्हणाले, एका भटक्या मांजरीपायी माणसानं नोकरीत माती कालवली. त्यातले काही आज या गौरव समितीत आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते. तेव्हा डॉक्टरांच्या बाजूनं एकानंही तोंड उघडलं नाही. मीही नाही.

ते निघाले त्या दिवशी मोटार स्टँडवर मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "तुम्ही न्हाय म्हणालात तवा वाईट वाटलं. लई वाटलं. ते जनावर वाचवायचं होतं मला. पण तुमचं न्हाय मोडून वाचवलं असतं, तर पुढं कुणी माझ्या हाती आपलं जनावर दिलं असतं?"

निवृत्तीनंतरही ते लोहाऱ्यातच राहिले. गेल्या वर्षी त्यांचा निरोप आला. तिथल्या एका शिंप्याच्या मांजरीला गोचिडांनी रक्त शोषून पार पांढरीफटक केली होती आणि गावातल्या कुठल्याच मांजराचं रक्त जुळत नव्हतं. निरोपात शेवटी लिहिलं होतं, 'जमत नसेल तर तसं कळवा, राग नाही.' चिंगीच्याच वंशातल्या माझ्या मांजरीला टोपलीत घालून मी पहिल्या गाडीनं निघाले. रक्त जुळलं. शिंपी हात जोडून उभा होता, टेबलावर त्याची मांजर धापा टाकत होती. डॉक्टरांनी सुई उचलली आणि माझ्याकडं पाहिलं.

"बाई, अजून न्हाय म्हणता येतं."

मी माझ्या मांजरीच्या डोक्यावरून हात फिरवला. मी म्हणाले, "घ्या, डॉक्टर."

दोन्ही मांजरी जगल्या. नसत्या जगल्या, तरी मी हेच लिहिलं असतं.

डॉक्टरांना उदंड आयुष्य लाभो, त्यांची नजर आणि हात शाबूत राहोत. आणि दुबळ्याला विचारल्याशिवाय त्याच्या अंगाला हात लावणाऱ्या प्रत्येक साहेबाच्या वाट्याला असाच एक आडमुठा डॉक्टर येवो.