कारणाचा रकाना

माझ्यासारख्यानं कुणाचं व्यक्तिचित्र लिहावं, हा आगाऊपणाच आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. अर्ज सोडून दुसरं काही लिहिण्याचा मला सराव नाही. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्या तर हे वाचून म्हणाल्या असत्या, "माझं कौतुक कशाला लिवलंस? मागणी कुठंय ह्यात?" मागणी येईलच. बाकी चुकेल त्याबद्दल आधीच माफी मागतो.

शमीमआपांशी कुणी बोलू लागलं की त्या मान उजवीकडं कलती करून खाली वाकत. समोर शाळकरी मूल असो नाहीतर तहसीलदार, लग्नाचा मांडव असो नाहीतर बाजार. पती वारल्यावर त्या त्यांच्या जागी एका सरकारी दवाखान्यात लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत केसपेपरच्या खिडकीमागं बसल्या. खिडकीच्या काचेचं बोलायचं भोक फार खाली होतं. वाकून वाकून मान तशीच राहिली. दवाखाना कुठला ते मी सांगत नाही, त्याही सांगत नसत. "एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटत्यात," म्हणायच्या.

मला त्या धाराशिवच्या बसस्थानकावर भेटल्या. मी येडशीच्या गाडीची वाट बघत होतो. खांबाला टेकून, घडीच्या स्टुलावर, मांडीवर पुठ्ठा घेऊन त्या बसल्या होत्या. मला पाहून त्यांची मान वाकली.

"नाव?"

मी सांगितलं.

"गाव? वय? काय होतंय?"

"काही नाही," मी गोंधळून म्हणालो.

"मग कर सही. ज्याला काय होतंय त्याला सहीला सवड नसती."

कागदावर मागणी होती : राज्याच्या विधिमंडळानं आरोग्याच्या हक्काचा कायदा करावा. दारात आलेल्याला उपचार न करता परत पाठवू नये. उपचाराचे दर गरिबाला झेपतील असे असावेत आणि दारावर मराठीत लिहिलेले असावेत. पुढं पाठवायचंच असेल तर गाडीची सोय करून, कारण लिहून पाठवावं. खाली नाव, गाव, सही, आणि पट्टीनं आखलेला एक जास्तीचा रकाना : 'कारण'. सही का करताय, ते तिथं लिहायचं.

मी लिहिलं, 'लोकांसाठी.'

आपांनी वाचलं. "लोक कोण? तुझे पाहुणे हायत का?"

मी खोडलं आणि लिहिलं, 'आईचं मणक्याचं दुखणं. तीन दवाखाने फिरवले, कुणी नीट सांगितलं नाही.'

"हां. आता सही झाली."

त्या दिवसापासून कॉलेज सुटलं की मी त्यांच्या स्टुलाशेजारी उभा राहू लागलो. तिथं उभं राहिलं की आपला जिल्हा कसा आहे ते कळतं. पांढरे कपडे घातलेले एक पुढारी थांबून म्हणाले, "आपा, माझा पाठिंबा हाय बरं का तुम्हाला."

"पाठिंबा नको. सही द्या."

"सही जरा साहेबांना विचारून..."

"छातीत कळ आली तर बी साहेबांना विचारूनच पडणार का?"

एक प्राध्यापक म्हणाले, "मी तत्त्वतः सहमत आहे."

"तत्त्वतः म्हंजी कंच्या बोटानं?"

प्राध्यापकांची बस तेवढ्यात लागली. ती त्यांच्या गावची नव्हती, तरी ते चढले. वाढदिवसाच्या फलकावर आपला फोटो यावा म्हणून दिवसभर छापखान्यात बसणारी माणसं इथं मात्र घाईत असत. "फलकावर तोंड दिसाया पायजे," आपा म्हणायच्या, "अन् सही म्हणलं की बोटाला लकवा."

"योजना तर आहेत की सरकारच्या," असं कुणी म्हणालं की त्या आणखी वाकायच्या. "योजना म्हंजी पंगतीतल्या वाढप्याची नजर. पडली तर वाढतो, न्हाय तर बसा बोटं चाटत. कायदा म्हंजी आपलं ताट. ते मागाया लाज वाटती व्हय?"

हा कारणाचा रकाना कशासाठी, असं मी एकदा विचारलं. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातला टोमणा गेला. पूर्वी एक अडलेली बाळंतीण आली होती. डॉक्टर जागेवर नव्हते. आपांनी नेहमीची ओळ लिहिली, 'पुढील उपचारासाठी पाठविले.' नवरा म्हणाला, "कारण न्हाय लिवलं, बाई?"

"म्या म्हणलं, लिवायची पद्धत न्हाय."

ती बाई पोचली नाही. महिन्यानं तो माणूस तोच कागद घेऊन खिडकीशी आला. भांडला नाही. कागद आत सरकवून म्हणाला, "आता तरी लिवा."

"लिहिलंत?"

"न्हाय. नोकरी व्हती." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "दुसऱ्याला बोलती म्हणून मला लई शाणी समजू नको. खिडकीच्या आत म्याच व्हते."

विधिमंडळाचं अधिवेशन जवळ आलं. त्याआधी सह्यांचा गठ्ठा जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा होता. आपांना ताप होता, म्हणून आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजाराला मी एकटाच गेलो. दोन तासांत चार सह्या झाल्या. मग एकानं विचारलं, "योजना हाय का?"

"तसंच समजा," मी म्हणालो.

एवढं म्हणायचा अवकाश, झुंबड उडाली. आधारकार्डाच्या झेरॉक्स आल्या, फोटो आले. सासूनं सुनेचं नाव घातलं, सुनेनं माहेरचं. "कार्ड कधी येणार?" "येईल." मी भरलेली पिशवी घेऊन ऐटीत परतलो.

आपांनी चष्मा लावला. कारणाच्या रकान्यात ओळीनं एकच होतं : लाभ मिळावा, लाभ मिळावा, लाभ मिळावा.

"फोटो कशाला ह्ये?"

मी खरं ते सांगितलं. "पण आपा, गठ्ठा तर झाला ना."

त्यांनी कागद माझ्याकडं सरकवले. "तू बी खिडकीतलाच निघालास की रं."

त्याहून मोठी शिवी मी अजून खाल्लेली नाही.

पुढच्या बाजारी आम्ही दोघं एसटीनं वाशीला गेलो. त्याच जागी उभ्या राहून आपा ओरडल्या, "ही योजना न्हाय! ह्यातनं कार्ड येणार न्हाय. ज्यांना नाव काढायचंय त्यांनी काढा."

"मग फोटो कशाला घेतले आमचे?"

"ह्या कॉलेजातल्या दिवट्याला विचारा."

मी मान खाली घालून फोटो परत देत होतो. कुणीतरी म्हणालं, "म्हातारे, तुला काय मिळालं ह्यातनं?"

"वाकडी मान मिळाली. पायजे का?"

दुपारपर्यंत अकरा नावं उरली. शेंगा विकणारे एक आजोबा कागदाकडं बघत उभे होते. म्हणाले, "योजना न्हाय, म्हंजी लई दिसांचं काम दिसतंय. ऱ्हाऊ द्या माझं नाव." कारणाच्या रकान्यात त्यांनी मला लिहायला सांगितलं, 'डोळा गेला. दुसरा ऱ्हावा.'

परतीच्या गाडीत आपा म्हणाल्या, "आज गठ्ठा झाला."

तो आम्ही दिला, पोच घेतली. पुढं त्याचं काय झालं, कळलं नाही. आपांनी लगेच नवे कागद आखायला घेतले, आणि मी म्हणतो तेच वाचणाऱ्यांनीही करावं. आपल्या प्रत्येकाच्या घरात खुंटीला एक पिशवी असते, साडीच्या दुकानातली, जुने एक्स-रे आणि केसपेपर भरलेली. ती काढा. तुमच्या माणसाला पुढं का पाठवलं, ते त्यात कुठं लिहिलंय का बघा. सापडलं नाही तर कायद्याच्या मागणीवर सही करा, आपल्या आमदाराला गाठा, आणि 'वर कळवतो' एवढ्यावर त्याला सोडू नका. आणि हेही जमणार नसेल, तर पुढच्या वेळी दवाखान्याच्या पायरीवर बसून नशिबाला बोल लावू नका. नशिबाला ऐकू येत नाही.

परीक्षा सुरू झाली तेव्हा आपा गावाकडं भावाच्या घरी गेल्या होत्या. शेवटचा पेपर देऊन आलो तर त्यांचा भाचा वसतिगृहाच्या दारात बसलेला. आठ दिवसांपूर्वीची गोष्ट, तो म्हणाला. फुप्पीच्या, म्हणजे आपांच्या, छातीत दुखू लागलं. जवळच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर नव्हते. खिडकीतल्या मुलीनं कागद लिहून पुढं सरकवला. आपांनी मान वाकवून विचारलं, "कारण?"

"तसं लिहीत नाहीत, आजी."

"म्या म्हणलं, फुप्पी, चला, गाडी लागलीय," भाचा सांगत होता. "तर काच सोडंना. लिव म्हणती. थांबली, भाऊ, कागदापायी थांबली. ती दहा मिनिटं..." धाराशिवच्या वाटेवर, येडशी यायच्या आधीच सगळं संपलं होतं.

मग त्यानं खिशातून घडी काढली. "गाडीत एवढंच बोलली. ह्यो त्या पोराला द्या, यादीला लाव म्हणावं."

ओळ तीच होती, 'पुढील उपचारासाठी पाठविले.' खाली निळ्या शाईत लिहिलं होतं : 'कारण – डॉक्टर हजर नाहीत.' आणि त्याखाली त्या मुलीनं तारीख-वेळ टाकून आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं.