मोजायचा राहिलेला सॅमन

नोव्हेंबरातल्या शनिवारी गार पाण्यात उतरायची अवदसा कुणाला आठवेल? माझ्या धाकट्या बहिणीला. केतकी ड्रेस्डेनमध्ये माशांवर पीएचडी करते. मी तिथेच कॉम्प्युटर चिप्सच्या कारखान्यात आहे. तिचा मदतनीस आजारी पडला आणि, "दादा, फक्त जाळं धरायचंय," म्हणून तिने मला धरलं. मीही ब्लॉगला एक पोस्ट मिळेल म्हणून हो म्हटलं.

तुम्हाला जायचं असेल तर हाउप्टबानहोफवरून, म्हणजे ड्रेस्डेनच्या मुख्य स्टेशनवरून, बाड शांडाऊ गावाची एस-बान लोकल घ्या आणि डावीकडची खिडकी पकडा, एल्बे नदी सोबत असते. स्टेशन एका काठाला, गाव दुसऱ्या; मध्ये फेरी. नियोजन म्हणतात ते हेच! धक्क्यावर साडेपाच युरोला मसुराचं सूप मिळतं, म्हणजे फोडणी विसरलेली आमटी.

गाडीत केतकीने समजावलं. काही वर्षांपूर्वी तिच्या गटाने इथल्या एका छोट्या उपनदीत सॅमनची बोटाएवढी पिल्लं सोडली होती. ती समुद्रात जातात, मोठी होतात आणि अंडी घालायला त्याच नदीत परततात.

"एवढं जग फिरून परत इथेच? व्हिसा संपत असेल."

ती हसली नाही. "दादा, आज हंगामाचा शेवटचा दिवस आहे. एक तरी परतलेला मासा मोजला गेला नाही, तर पुढच्या वर्षीपासून पिल्लं दुसऱ्या नदीत. इथलं माझं काम बंद."

मासा मोजायला तीन माणसं आणि पीएचडी! मी नाक मुरडलं.

नदीवर हेर (जर्मनमध्ये 'श्रीयुत') क्राउझं वाट बघत होते. रिटायर्ड गृहस्थ, मासेमारी क्लबचे स्वयंसेवक. त्यांनी मला छातीपर्यंतची रबरी पँट दिली, आधीच आतून ओली. "लहानपणी इथे कारखान्यांचा फेस वाहायचा," ते म्हणाले. "मासा कसला, पायही घालत नव्हतो." मी तोंडावर जर्मनमध्ये 'या, या', म्हणजे 'हो, हो' म्हटलं, मनात म्हटलं, आताही कुठे घालावासा वाटतोय!

त्यांच्या पाठीवर बॅटरी, हातात काठी. पाण्यात हलका झटका बसला की मासा क्षणभर गुंगतो आणि जाळ्यात घेता येतो. तीन तास नुसते ट्राउट मासे, सॅमन एकही नाही. माझी बोटं बधीर आणि जीभ मोकळी. "यापेक्षा सुपरमार्केटात जास्त सॅमन आहेत," असं मी दोनदा म्हणालो.

आणि मग झाडाच्या मुळांखालून तो आला. हाताएवढा लांब, तांबूस, खालचा जबडा वर वळलेला. केतकीने अलगद जाळ्यात घेतला.

"दादा, दोन्ही हातांनी धर. जाळं पाण्यातच ठेव. मी टब आणते."

क्राउझं काठावर मोजपट्टी काढत होते. मी एक हात खिशात घातला. फोटो नको? ब्लॉगला फोटो नको?

माशाने एक हिसका दिला. जाळ्याची कड पाण्याखाली गेली. मासा गेला.

केतकी टब घेऊन आली. "कुठंय?"

माझ्या हातात फोन होता.

"मोजला नाही, म्हणजे नाही," क्राउझं हळूच म्हणाले आणि पुन्हा काठी पाण्यात घातली. अंधार पडेपर्यंत त्यांनी तो पट्टा दोनदा पालथा घातला. थर्मासमधला चहा त्यांनी केतकीला दिला, मला विचारलंसुद्धा नाही. बरोबरच केलं.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, "फोटो तरी आलाय का?"

दाखवला. माझी बाही, गढूळ पाणी आणि कोपऱ्यात शेपटीचं टोक. तिने तो बराच वेळ बघितला. मग रडली. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

वसंतात पिल्लं दुसऱ्या नदीत गेली. केतकी आता तिकडे जाते, दुसरा माणूस घेऊन. क्राउझं अजून जुन्या जागी फिरायला जातात म्हणे, बॅटरीशिवाय, नुसते पाण्यात बघत.

या पोस्टला फोटो नाही. नदी सुंदर आहे, जरूर जा. आणि कुणी जाळं धरायला दिलं तर दोन्ही हातांनी धरा.