पाहुण्यांचं गोडं पाणी

धाटावच्या एका कंपनीत उमेदीची वर्षं धुरात घालवून जगन म्हात्रे शहाण्णव साली जित्याजवळच्या आपल्या गावी परतला, तो नाकात नळी घालून. रोह्याच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, काशीबाईला, ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी दाखवली, चावीला जोडलेली पाण्याची बाटलीही. नुसता ऑक्सिजन कोरडा. त्यानं नाक सोलतं, श्वास घेणंच जड होतं. पाण्यातून बुडबुडत गेला की ओला होतो, माणसाला कमी कष्ट पडतात. पाणी तेवढं उकळून गार केलेलं घाला, म्हणाले. गोडं की खारं, हे नाही सांगितलं. त्यांच्या नळाला दोन तऱ्हांचं पाणी येत नसावं.

खाडीकाठच्या या खारेपाटात पाण्यालाही मानपान. टँकरचं गोडं पाणी पाहुण्याला, विहिरीचं मचूळ घरच्यांना. दारी आलेल्याला मचूळ दिलं तर घराची अब्रू जाते. आणि आजारी माणूस म्हणजे गावाला जत्राच. आज व्याही, उद्या भावकी. येणारा खाटेशी बसून नळीकडे टक लावायचा, हळहळायचा आणि तांब्या रिकामा करून उठायचा. गोड्या पाण्याचा हंडा तळाला गेला की काशीबाई बाटलीत विहिरीचं पाणी घाली, डॉक्टरांच्या शब्दाबाहेर न जाता, नीट उकळून. जन्म मिठागरात गेलेली बाई. पाणी आटलं की मीठ उरतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण नवऱ्याच्या उशाशी ते तिला सुचलं नाही.

हळूहळू बुडबुडे कमी झाले. जगनचं पोट भात्यासारखं हलू लागलं, गळ्याच्या शिरा ताठल्या. ती चावी पिळत राहिली. पुतण्या भरतनं रोह्याहून दुसरा सिलिंडर आणला, त्याला बाटली तीच जोडली, तरी तेच. एका दुपारी, पाहुण्यांच्या देखत, जगन गेला.

सामान परत करायचं म्हणून भरतनं बाटली उघडली. आतल्या बारीक नळीच्या तोंडावर पांढरी खपली धरली होती, मिठागराच्या बांधावर धरते तशीच. दोघांनीही ती पाहिली. काशीबाईला स्वतःचा राग आला, आणि गावाचा त्याहून जास्त.

तेराव्याला माणसं पुन्हा जमली. हंडा गोड्या पाण्यानं भरलेला होता. काशीबाईनं तांब्या विहिरीच्या पाण्यानं भरला आणि पुढे केला. शेजारच्या धोंडुबाईनं पहिलाच घोट थुंकला.

"पानी खारं हाय गो, काशे."

"व्हय," काशीबाई म्हणाली. "गोडं तुमी पिऊन गेलाव. ह्यांच्या वाट्याला ह्येच उरलं व्हतं."