पांढरा, मग पिवळा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. विहारात डोळे मिटून बसते तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथे मी उद्याच्या भाजीचा विचार करते. मग तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आणि आधीच सांगून ठेवते, रडून-बिडून सांगणार नाही. रडू येतच नाही मला. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात ना, त्यानंतर गाल असतो पण आपला वाटत नाही, तसं झालंय काहीतरी. तेव्हा आवाज सपाट वाटला तर वाटू द्या.

सुरुवात लाईटपासून करावी लागेल. हसू नका. खरंच लाईटपासूनच आहे.

आम्ही मूळचे गोंदियाकडचे. माझे सासरे रेल्वेत होते, त्यामुळे माझा नवरा प्रशांत रायपूरच्या रेल्वे क्वार्टरातच लहानाचा मोठा झाला. सासरे गेले आणि सासूबाई — मी त्यांना आईच म्हणते — आमच्याकडे चौबे कॉलोनीतल्या भाड्याच्या घरी आल्या. मग आम्ही शहराबाहेर प्लॉट घेतला, घर बांधलं. बांधलं म्हणजे काय, दोघांच्या नोकऱ्यांतून ओढत-ओढत उभं केलं. मी सरकारी ऑफिसात आहे. दिवसभर ट्यूबलाईटखाली बसते. माझं माहेरही क्वार्टरातलंच, तिथेही भिंतीवर तीच पांढरी पट्टी. त्या उजेडात भिंतीचे पोपडे दिसतात, माणसांचे चेहरे आजारी दिसतात. फाईलवर सही घ्यायला कधी साहेबांच्या बंगल्यावर जावं लागायचं. तिथे छतातून मऊ पिवळा उजेड पडायचा, बाईसाहेबांच्या साध्या सुती साडीवरसुद्धा तो काय शोभायचा! तेव्हाच ठरवलं होतं, माझं घर झालं तर असं दिसेल.

साहेबांकडे हॉल एक पायरी खाली होता. मीही तसाच करून घेतला. जेवणाच्या टेबलापासून एक पायरी उतरायची की हॉल. पायरीला आणि जमिनीला एकच टाईल — तेही माझंच डोकं.

समता कॉलोनीतल्या एका दुकानात आम्ही लाईट घ्यायला गेलो. छतात बसतात ते गोल, एलईडीचे. आईसुद्धा सोबत होत्या. त्यांनी ते हातात घेऊन उलटेपालटे केले आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “काय वो वैशाली, छताले झाकणं काहून लावून राहिली? कशावर झाकतं?” दुकानदारही हसला, मीही हसले. त्यांना ट्यूबलाईट हवा होता, मला पिवळा उजेड. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं त्यांचं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. दुकानदाराने मग तीन रंगांचे लाईट काढले. “दीदी, इसमें झगड़ा ही नहीं है. बटन बंद करो, चालू करो, रंग बदल जाएगा.” पांढरा असला की बटन बंद करून लगेच चालू करायचं, पिवळा होतो. परत केलं की मधला, आणि परत केलं की पुन्हा पांढरा. भांडणच नाही म्हणे.

भांडण कसं नसेल? रोज संध्याकाळी आई हॉलमध्ये यायच्या आणि टक-टक करून पांढरा करायच्या. मी ऑफिसातून यायची आणि टक-टक करून पिवळा करायची. प्रशांत म्हणायचा, सास-बहूची मॅच सुरू झाली. आमची तन्वी तर हिंदीतच बोलते, ती कॉमेंट्री करायची. सगळे हसायचे. मीही हसायची, पण खरं सांगू? आतून चीड यायची. माझ्या घरात मला हवा तसा उजेडही नको का? आईंनी एकदा मला नीट सांगितलं होतं, कुणी नसताना, अगदी हळू आवाजात — “पिवळ्यात मले पायरी अन् फरशी एकच दिसते वो.” मी म्हटलं, सवय होईल आई.

हे वाचून तुम्हाला वाटलं असेल, सवय झाली नाही आणि त्या पडल्या. मीही बरेच दिवस स्वतःला तेवढंच सांगत होते. तेवढंच असतं तर मी हे लिहायलाच बसले नसते.

त्या संध्याकाळी साहेब आणि बाईसाहेब जेवायला येणार होते. पहिल्यांदा. मी चार दिवस आधीपासून पडदे धुवून राहिले होते. आईंनी दुपारपासून खपून सांभारवड्या केल्या होत्या, त्यातला सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडताना त्यांचं अखंड बोलणं चालू होतं, “तुह्या साहेबाले असं खाऊ घालतो का त्यानं तुह्या प्रमोशनचा कागद हातानं आणून द्यावा.” प्रशांत दही आणायला गेला होता, तन्वी ट्यूशनला. घरात आम्ही दोघीच. गेटशी गाडी थांबल्याचा आवाज आला. मी हॉलमध्ये आले तर सगळा हॉल पांढरा फटक. आईंनी कधीतरी केला असणार. माझे पडदे, माझी सोफ्याची खोळ, सगळं दवाखान्यासारखं दिसत होतं. मी बटणापाशी गेले. बंद केलं. चालू केलं.

त्या मधल्या अंधारात आई पायरीवरून पडल्या. हातात वड्यांची ताटली होती.

खुब्याचं हाड मोडलं. साहेबांच्याच गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. बाईसाहेबांच्या मांडीवर आईंचं डोकं होतं आणि मी पुढच्या सीटवर बसून साहेबांना रस्ता सांगत होते, इथून डावीकडे सर, इथून सरळ. आवाज अगदी नीट निघत होता माझा. तेव्हापासूनच असा नीट निघतो.

आई शुद्धीत होत्या. काय झालं ते जो विचारेल त्याला एकच सांगायच्या, आणि अगदी बरोबर सांगायच्या — पांढरा लाईट होता, एकदम अंधार झाला, पडल्यावर डोळे उघडले तर पिवळा. एका शब्दाची चूक नाही हो त्यात. प्रशांतला ते बटन माहीत होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याने मला विचारलं, “तू बटन दाबलं होतं का?”

रागाने नाही विचारलं. हो म्हटलं असतं तर तो फार तर कपाळाला हात लावून म्हणाला असता, अरे यार वैशाली. बस. एवढंच होतं.

मी म्हटलं, नाही. मी गेट उघडायला निघाले होते. लाईट तर आधीपासून पिवळाच होता.

का म्हटलं? खूपदा विचारून पाहिलं स्वतःला. घाबरले होते का? साहेब बाजूलाच उभे होते म्हणून? काही सापडत नाही. तोंडातून निघालं आणि मग ते खरं होऊन बसलं, एवढंच सांगता येतं.

कारण मग डॉक्टरांनी विचारलं, चक्कर येते का यांना? आणि प्रशांत म्हणाला, आईला पांढरा लाईट होता असं वाटतंय, पण तो नव्हता. एवढ्यावरून डोक्याचे फोटो निघाले. त्यात काही सापडलं नाही, पण या वयात होतं असं म्हणत गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी आई दिवसाही पेंगू लागल्या. पेंगल्या की शब्द विसरायच्या, आणि शब्द विसरल्या की आम्ही एकमेकांकडे पाहायचो. मीही पाहायची. प्रशांतच्या डोळ्यांत डोळे घालून, काळजीने!

हाड जुळलं, काठी घेऊन चालायला लागल्या. पण गॅसजवळ जायचं नाही, असं प्रशांतने ठरवलं. एकटीने विहारात जायचं नाही. बूढापाऱ्यात त्यांची क्वार्टरापासूनची मैत्रीण राहते, तिच्याकडे त्या ऑटो करून एकट्या जायच्या आणि दिवसभर तळ्याकाठी बसून दोघी जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. तेही बंद. तन्वी म्हणायची, “आजी, आप बैठो ना, आपको याद नहीं रहता.” ज्या बाईने मला नोकरीसाठी अभ्यास करू दिला, मी रात्रीची पुस्तकं घेऊन बसले की माझ्या पोटच्या पोरीला आपल्या कुशीत झोपवलं, तिला माझी पोरगी म्हणत होती, तुम्हाला आठवत नाही. आणि मी पोळ्या लाटून राहिले होते.

सुरुवातीला आई भांडल्या. “मी पागल नाही रे प्रशांत, मी माह्या हातानं पांढरा केला होता.” मग भांडण कमी झालं. मग एक दिवस त्यांची ती मैत्रीणच त्यांना भेटायला आली. चहा देताना मी ऐकलं. आई तिला सांगत होत्या, “मलेच चक्कर आली वो. उगाच लाईटवर नाव घेत होती मी. वैशालीनं लय केलं माहं.” मैत्रिणीने माझ्याकडे पाहून मान डोलावली, कौतुकाने. मी तिला विचारलं, साखर बरोबर आहे ना?

अजून एक राहिलं. ते सांगायचं नाही असं ठरवून बसले होते, पण मग हे सगळं कशाला लिहिलं?

मी त्यांना पाहिलं होतं.

बटणावर हात ठेवला तेव्हा आई समोर पायरीच्या काठाशी होत्या. दोन्ही हातांत ताटली, मान खाली, पायाने काठ चाचपत होत्या. मला दिसल्या. पांढऱ्या उजेडात चांगल्या स्पष्ट दिसल्या. थांब वैशाली, उतरू दे त्यांना, असं मनात आलंही होतं. पण गेटचा आवाज झाला, आणि मला वाटलं, एका क्षणाचं तर काम आहे. त्यांचं काय व्हायचं ते होईल असं वाटलं का? नाही, एवढं वाईट काही मनात नव्हतं. पण त्या पडू नयेत यापेक्षा साहेबांना हॉल पिवळा दिसावा, हे मला त्या क्षणी जास्त हवं होतं. तेच खरं आहे.

आता आई त्या बटणाला हात लावत नाहीत. घर जसं मी दुकानात मनाशी पाहिलं होतं तसंच दिसतं, रोज संध्याकाळी. येणारे-जाणारे म्हणतात, किती छान उजेड आहे तुमच्याकडे.

मागच्या आठवड्यात घरात पुन्हा आम्ही दोघीच होतो. आई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. त्या दिवशी डोळ्यांत गोळीची झापड नव्हती. एकदम म्हणाल्या, “वैशाली, खरं सांगजो. मी काही म्हणत नाही तुले. त्या दिवशी पांढरा होता ना?”

त्या माझ्याकडे पाहून राहिल्या होत्या. विनवणी होती त्या नजरेत. माझ्याकडून काही नको होतं त्यांना — फक्त त्यांचं डोकं ठिकाणावर आहे, एवढं ऐकायचं होतं.

मी म्हटलं, नाही आई. पिवळाच होता.

“हव,” त्या म्हणाल्या. हव म्हणजे इथलं ‘हो’. मग काठी टेबलाला टेकवली आणि हॉलमध्ये जायला माझ्यापुढे हात केला. मी तो धरला. पायरीच्या काठाशी आल्यावर त्या थांबल्या, हल्ली रोज थांबतात तशा, आणि छताकडे मान वर करून त्यांनी विचारलं, “लाईट हाय ना?”

मी म्हटलं, आहे. त्यांनी पाय खाली टाकला.