आबांचं भेकर

माझे सासरे, आबा, शिकारी होते हे लग्न ठरताना मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर अंड्याचं नाव काढलं तरी नाक मुरडणाऱ्या पुण्यातल्या घरातली मी, बहुतेक नाहीच म्हणाले असते. लग्नानंतर पहिल्यांदा चंदगडला गेले तेव्हा सोप्यातल्या भिंतीवर दोन खुंट्यांवर ती बंदूक आडवी दिसली, आणि रात्रीच्या जेवणात भेकराच्या, म्हणजे रानातल्या त्या लहानशा हरणाच्या, शिकारीच्या गोष्टी सुरू झाल्या. मी पान अर्धवट ठेवून उठले. देसाई मास्तरांची सून तापट आहे, ही बातमी दुसऱ्या दिवशी गावभर झाली.

आता त्या गोष्टींतलं अक्षर न् अक्षर मला पाठ आहे. बंदूक म्हणजे पॉइंट टू-टूची जुनी रायफल, एका वेळी एकच गोळी घेणारी. बेळगाव सोडून निघालेल्या कुणा इंग्रजाकडून आबांच्या वडलांनी ती घेतली होती. दस्त्याला चीर गेलेली, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. गोळी झिजत आलेल्या पेन्सिलीच्या तुकड्याएवढी. गावात इतरांकडे बारा बोअरच्या नाहीतर ठासणीच्या बंदुका होत्या. ते आबांच्या रायफलला ‘चिमणीमार’ म्हणायचे. आबा मनावर घ्यायचे नाहीत. बाराच्या बंदुकीनं कुणीही शिकार करतो, म्हणायचे, टू-टूवाल्याला जनावर शोधावं लागतं.

शोधावं लागतं, कारण एवढ्याशा गोळीनं भेकर जागच्या जागी पडत नाही. ते उडी मारून रानात शिरतं. मग शिकाऱ्यानं धावायचं नाही. एक विडी ओढून होईपर्यंत बसायचं, आणि मग पानापानावरचं रक्त बघत माग काढायचा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुसात लागलीय, जनावर जवळच असणार. काळपट असलं तर आणखी थांबायचं. कितीही वेळ लागो, जखमी जनावर रानात सोडून घरी यायचं नाही. आबा देवळात फारसे जात नसत. त्यांचा धर्म एवढाच होता.

शिकारबंदीचा कायदा आला तेव्हा सुबोध, म्हणजे माझा नवरा, पाळण्यात होता. आबांनी रायफल खुंटीवर ठेवली ती पुन्हा खाली काढली नाही. मास्तर माणूस, कायदा म्हणजे कायदा. सुबोधला त्यांनी गणित शिकवलं, ताम्रपर्णीत पोहायला शिकवलं. शिकार तेवढी शिकवायची राहिली, आणि त्याबद्दल बापलेकांत कुणाची काही तक्रारही नव्हती.

दोन हजार तेरा साली सासूबाई गेल्या आणि आम्ही आबांना सिंगापूरला आणलं. निघण्याआधी त्यांनी स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन रायफल कायमची जमा केली. आम्ही बुकित पंजांगला दहाव्या मजल्यावर राहत होतो. खिडकीतून हायवेपलीकडचं जंगल दिसायचं. पहिल्या दिवशी आबा तासभर खिडकीत उभे राहिले आणि म्हणाले की रान चांगलं आहे, पण आवाज फार.

विसरणं आधी बारीकसारीक होतं. लिफ्टमध्ये मजल्याचं बटण, माझी मुलगी मैत्रेयी हिच्या शाळेचं नाव, जेवण झालं की नाही. आम्ही ते वयावर घातलं. मग एका संध्याकाळी मी ऑफिसच्या कॉलवर असताना आबा बूट घालून दाराच्या लोखंडी जाळीशी उभे दिसले.

“उल्का, मला निघायला पाहिजे,” ते म्हणाले. “भेकर जखमी झालंय. अंधार पडायच्या आत सापडायला हवं.”

मला आधी गंमत वाटली, मग राग आला आणि मग भीती वाटली. मी सांगितलं की आबा, हे सिंगापूर आहे, इथं भेकरं नाहीत, तुमची रायफलसुद्धा आता नाही. ते माझ्याकडे वर्गातल्या मठ्ठ मुलीकडे बघावं तसे बघत राहिले. रायफल असो नसो, गोळी तर लागून गेलीय, म्हणाले.

त्या दिवसापासून उन्हं उतरली की हे सुरू व्हायचं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि याहून फार काही करता येणार नाही हेही सांगितलं. संध्याकाळी असं वाढतंच, म्हणाले. आम्ही टीव्ही लावून पाहिला, भजनं लावून पाहिली, पत्ते मांडून पाहिले. आबा दोन डाव खेळायचे आणि तिसऱ्याला उठायचे. मैत्रेयीला आजोबांची दया आली. तिनं फोनवर शोधून त्यांना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या सांबराचा फोटो दाखवला. “आजोबा, हिअर ऑल्सो गॉट डिअर, लाह. मांडाईला. व्हेरी निअर.” पोरीनं चांगल्या मनानं केलं, पण आगीत तेल पडलं. आबांनी फोटो नीट पाहिला. हे सांबर आहे, याच्यावर टू-टू चालवणं पाप, माझं भेकर आहे, असं त्यांनी तिला समजावलं. पण इथं रानात जनावर आहे एवढं त्यांच्या मनात पक्कं बसलं, आणि ते काही केल्या निघेना.

मग मी जाळीला कुलूप लावायला लागले. आबा गज धरून उभे राहायचे. ओरडायचे नाहीत, शिव्या द्यायचे नाहीत. “ते तडफडत असेल गं,” एवढंच म्हणायचे. समोरच्या घरातली चिनी आजी येताजाता बघायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चांगल्या माणसाला कोंडून ठेवायचं आणि वर त्याला वरणभात भरवायचा, हे माझ्याच्यानं होत नव्हतं. आणि दुसरं काय करायचं ते कुणी सांगत नव्हतं.

एका शनिवारी मैत्रेयी क्लासला जाताना कुलूप लावायला विसरली. मी आंघोळीहून बाहेर आले तर जाळी उघडी. सुबोध आणि मी इमारतीखालची मोकळी जागा म्हणजे व्हॉइड डेक, चहाकॉफीचं कोपिटियाम, एलआरटी गाडीचं स्टेशन, सगळं पालथं घातलं. पोलिसांना फोन केला. सुबोध हायवेकडे तोंड करून गाड्यांकडे बघत उभा राहिला. शेवटी फोन आला तो झेंगहुआ पार्कातून. तिथं गवत कापणाऱ्या एका बांगलादेशी कामगारानं आबांच्या मनगटावर आम्ही बांधलेल्या पट्टीवरचा नंबर लावला होता.

आबा एका झाडाखाली बसले होते आणि तो कामगार मशीन बंद करून त्यांच्याजवळ बसला होता. त्या झाडाखाली वाटेवर लालभडक बिया पडतात. आपल्याकडे त्यांना रतनगुंज म्हणतात, इथली मुलं त्या वेचून बाटलीत भरतात. आबा त्या बियांच्या मागावर झाडामागून झाड करत इतके लांब आले होते. त्यांचे खिसे बियांनी भरले होते. सुबोधला बघून त्यांनी हळू आवाजात सांगितलं की रक्त ताजं आहे, ते इथंच कुठंतरी बसलंय, आवाज करू नकोस. सुबोधनं त्यांचा हात धरला तर आबांना रडू कोसळलं. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टर म्हणाले की त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना हवं ते मिळालंय असं सांगा. ऐकायला किती सोपं. त्या संध्याकाळी सुबोध हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून आला आणि बूट न काढताच आबांसमोर बसला. जन्मात खोटं न बोललेला माणूस. त्याचे कान लाल झाले होते.

“आबा, भेकर सापडलं.”

“कुठं?”

“वर, टेकडीवर.”

आबांनी मान हलवली. जखमी जनावर चढण चढत नाही, उतरतं, पाण्याकडे जातं, म्हणाले. तू दुसरंच काहीतरी पाहिलंस. आणि उठून बूट शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी सुबोधनं भेकर ओढ्याकाठी आणलं. आबा लक्ष देऊन ऐकत होते. मेलेलं होतं का, त्यांनी विचारलं. सुबोधला वाटलं, आता जिंकलो. हो आबा, शांत पडलं होतं, डोळे मिटून. झालं! आबा ताडकन उठले. मेलेल्या जनावराचे डोळे मिटत नाहीत, मिटले असतील तर ते जिवंत आहे, आणि तू त्याला तसंच टाकून आलास? त्या रात्री त्यांनी घास घेतला नाही. सुबोध स्वयंपाकघरात येऊन म्हणाला की मला साधी थापही मारता येत नाही, उल्का. मी भांडी घासत राहिले, कारण मी वळले असते तर त्याच्याआधी मीच रडले असते.

पण आबांनी चूक दाखवली की सुबोध दुसऱ्या दिवशी ती सुधारायचा. रक्ताचा रंग चुकला, मग तो सुधारला. विडीभर थांबलो नाही म्हणाला तर बोलणी खाल्ली, मग पुढच्या वेळी थांबला. वारा कुठून होता, ते शिकला. जी शिकार शिकवायची राहून गेली होती ती अशी रोज संध्याकाळी बुकित पंजांगच्या सोफ्यावर चालली होती, आणि शिकवणाऱ्याला आपण शिकवतोय हे ठाऊक नव्हतं. शेवटी एकदा सगळं जुळलं. भेकर उताराला, पाण्याजवळच्या करवंदीच्या जाळीत, डाव्या कुशीवर पडलेलं, डोळे उघडे.

“डोळ्याला गवताची काडी लावून पाहिलीस?” आबांनी विचारलं.

“लावली. पापणी हलली नाही.”

आबांनी मोठा श्वास सोडला. “मग झालं,” म्हणाले. हात धुऊन आले, भात दोनदा मागून घेतला आणि शांत झोपले. आम्ही दोघं टेबलाशी नुसते बसून होतो. त्या रात्रीइतकी गाढ झोप मला कितीतरी महिन्यांत लागली नव्हती.

अर्थात दुसऱ्या दिवशी उन्हं उतरली आणि भेकर पुन्हा जखमी झालं.

पुढची दोन वर्षं ते रोज जखमी होत होतं आणि सुबोध रोज ते शोधून आणत होता. संध्याकाळच्या मीटिंगा त्यानं सोडल्या. त्यावरून साहेब काय म्हणाला ते त्यानं मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एकदा तो कामासाठी जकार्ताला गेला तेव्हा मी सांगून पाहिलं, शब्दाला शब्द तोच. आबांनी ऐकून घेतलं आणि सुबोधला पाठव म्हणाले. हे भेकर कधी खरोखर होतं का, आबांनी कधीकाळी एखादं जनावर रानात सोडून दिलं होतं का, ते आम्हाला कळलं नाही. आयुष्यात एकही सोडलं नाही, असंच ते नेहमी सांगायचे. सुबोध म्हणायचा, खरं असो नसो, तडफड तर यांचीच आहे ना.

मी वैतागायचे. खोटं कशाला बोलू? कधी संपणार हे, असं मी मोठ्यानं म्हणायचे, आबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

ते संपलं, पण कुणी ठरवून नाही. दोन हजार सोळाच्या अखेरीला आबा दाराशी यायचे बंद झाले. आधी एखादा दिवस चुकला, मग आठवडा. बूट घालायचे कसे तेही ते विसरले होते. खिडकीतल्या खुर्चीत बसवलं की बसायचे, उठवलं की उठायचे. जाळीचं कुलूप मी काढून टाकलं. संध्याकाळी घरात इतकी शांतता असायची की मला फ्रिजचा आवाज ऐकू यायचा, आणि मला ती शांतता नको होती. निदान तोपर्यंत माणूस कशाच्या तरी मागे होता.

सुबोध मात्र वेळेवर येत राहिला. एका संध्याकाळी तो आला, बॅग ठेवली आणि आबांच्या खुर्चीशेजारी खाली बसला. मी भाजी चिरत होते. त्यानं हलक्या आवाजात सुरुवात केली.

“आबा, भेकर सापडलं. खाली, पाण्याजवळ. काडी लावून पाहिली मी.”

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. परक्या माणसाशी बोलताना ते नेहमी बोलायचे तशा अदबीनं म्हणाले, “हो का? बरं झालं. तुमचं होतं?”



“नाही,” तो म्हणाला. “माझ्या वडलांचं.”

“मग इथं काय बसलात? जा, त्यांना सांगा आधी. ते वाट बघत असतील.”

सुबोध हो म्हणाला, आणि तिथंच बसून राहिला.